नंबर कशासाठी दिला होता?

‘परीक्षा’ हा शब्द लिहायला तीन अक्षरी. मोबाइलचा हिशोब मात्र निराळा. प, र, दुसरी वेलांटी, क, पाय मोडल्याची खूण, ष आणि काना असे सात तुकडे तो मोजतो. एका एसएमएसमध्ये जागा असते १४० बाइटची. रोमन लिपीतलं एक अक्षर सात बिटांत मावतं, म्हणून इंग्रजी निरोप १६० अक्षरांपर्यंत जातो. देवनागरीच्या प्रत्येक खुणेला सोळा बिट लागतात, म्हणून मराठी निरोप सत्तर खुणांवर संपतो. एकाहत्तरावी खूण आली की दोन एसएमएसचे पैसे.

आता विद्यापीठाच्या परीक्षा विभागातल्या टेबलापाशी बसून पाहा. ‘परीक्षा अर्जाची मुदत १५ ऑक्टोबरपर्यंत वाढवली आहे. परीक्षा विभाग’ एवढाच निरोप धाडायचा आहे. मोजला तर ६३ खुणा भरतात, म्हणजे उरल्या सात. त्यात विद्यापीठाचं नाव बसत नाही, विलंब शुल्क बसत नाही, बी.कॉम.साठी की बी.एस्सी.साठी तेही बसत नाही. निरोप लाखभर मुलांना जायचा असला तर एकेका काना-मात्रेला किंमत येते. म्हणून कोणी मराठी रोमन लिपीत लिहितं, तर कोणी सरळ इंग्रजीचा आधार घेतं.

ही काटकसर समजण्यासारखी आहे. पण निरोपातली आणखी एक गोष्ट आहे, जी अक्षरांत दिसत नाही आणि जिच्यात काटकसर करून चालत नाही. ती म्हणजे परवानगी. हा मेसेज ज्याच्या खिशात जाऊन वाजला, त्यानं आपला नंबर कशासाठी दिला होता?

बहुतेक वेळा तो प्रवेश अर्जावर दिलेला असतो. नाव, आईचं नाव, जात प्रवर्ग, बारावीचे गुण, आणि त्याखाली तांबड्या फुलीचा रकाना : मोबाइल क्रमांक. रकाना भरल्याशिवाय पुढचं पान उघडतच नाही. मुलगा किंवा मुलगी तो भरते, कारण तिला हॉल तिकीट हवं आहे, वेळापत्रक हवं आहे, फीची पावती हवी आहे. पुढे त्याच नंबरवर शुल्क घेऊन चालवल्या जाणाऱ्या अल्पमुदतीच्या कोर्सची जाहिरात येते, माजी विद्यार्थी निधीचं आवाहन येतं, एखाद्या शैक्षणिक मेळाव्याचं निमंत्रण येतं. कार्यालयातल्या माणसाला यात गैर काही वाटत नाही. नंबर आपल्याकडेच आहे, मुलंही आपलीच आहेत, मग पाठवायला काय हरकत?

हरकत आहे, आणि ती विद्यापीठाच्याच हिताची आहे. परवानगीचे नियम म्हणजे कामात घातलेला खोडा, असं अनेक कार्यालयांत बोललं जातं. प्रत्यक्षात हेच नियम विद्यापीठाच्या निरोपाची पत राखतात. ज्या मुलीच्या फोनवर दिवसाला वीस नको असलेले मेसेज येतात, तिचा अंगठा एकविसाव्यावर थांबत नाही. आणि एकविसावा मेसेज उद्याचा पेपर पुढे ढकलल्याचा असू शकतो.

भारतात या प्रकरणाची चावी भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाकडे, म्हणजे ट्रायकडे आहे. नको असलेल्या व्यापारी फोनना आळा घालणारे पहिले नियम २००७ मध्ये आले, त्यांची जागा २०१० च्या नियमांनी घेतली. २०११ च्या सप्टेंबरात एका सिमवरून दिवसाला शंभरच एसएमएस अशी मर्यादा घातली गेली आणि ती पुढे दोनशेवर नेली. त्या वेळी कॉलेजात असलेल्यांना ते दिवस चांगलेच आठवत असतील. जाहिरातदारांना रोखायला बांधलेला बांध आधी मित्रमैत्रिणींच्या गप्पांनाच आडवा आला होता. माणसामाणसांतला निरोप आणि यंत्रानं एकगठ्ठा सोडलेला निरोप यांना एकाच मापानं मोजलं की असं होतं.

१९ जुलै २०१८ च्या नियमांनी ते माप बदललं. किती मेसेज गेले यापेक्षा कोण पाठवतो, काय पाठवतो आणि कोणाच्या संमतीनं पाठवतो, हे तीन प्रश्न महत्त्वाचे ठरले. त्यासाठी मोबाइल कंपन्यांनी मिळून डीएलटी नावाची नोंदवही उभी केली. ब्लॉकचेनसारखी ही सामाईक वही आहे, तिच्यातली नोंद कोणा एकाला गुपचूप बदलता येत नाही. विद्यापीठ व्यापार करत नाही हे खरं, पण एकगठ्ठा एसएमएस पाठवायचा तर त्यालाही याच दारातून आत यावं लागतं. आधी संस्थेची नोंदणी करायची. मग हेडर, म्हणजे मेसेज आल्यावर नंबरच्या जागी दिसणारं सहा अक्षरी नाव, नोंदवायचं. मग मेसेजचा मजकूर टेम्प्लेट म्हणून मंजूर करून घ्यायचा. टेम्प्लेटमध्ये ठरलेला मजकूर तसाच राहतो आणि नाव, तारीख, आसन क्रमांक यांसाठी रिकाम्या चौकटी सोडलेल्या असतात. पाठवताना मंजूर मजकुराशी मेळ बसला नाही, तर मेसेज वाटेतच अडतो.

हा मेळ न बसणं म्हणजे काय, याचा अनुभव साऱ्या देशानं एकदा घेतला आहे. ८ मार्च २०२१, सोमवार. मोबाइल कंपन्यांनी त्या दिवशी प्रत्येक मेसेज नोंदवहीतल्या टेम्प्लेटशी ताडून पाहायला सुरुवात केली. असंख्य संस्थांनी टेम्प्लेट नोंदवलेलीच नव्हती, किंवा नोंदवली होती ती चुकीची. बँकांचे ओटीपी अडकले, रेल्वे तिकिटं खोळंबली, कोविनवरची लशीची नोंदणी रखडली. दुसऱ्याच दिवशी ट्रायनं ही तपासणी सात दिवसांसाठी थांबवली, आणि महिनाअखेरीस नियम न पाळणाऱ्या चाळीस मोठ्या संस्थांची यादीच जाहीर केली. त्या सोमवारी बँकेपुढे खोळंबलेल्या माणसाला टेम्प्लेट हा शब्दही माहीत नसेल. पण कोणाच्या तरी कार्यालयात एक अर्ज भरायचा राहिला होता आणि त्याचा भुर्दंड त्या माणसाला बसला, एवढं मात्र खरं.

फेब्रुवारी २०२५ मध्ये ट्रायनं या नियमांत मोठी दुरुस्ती केली आणि तिचा एक भाग आता प्रत्येकाच्या फोनवर दिसतो. हेडरच्या शेवटी एक आडवी रेघ आणि एक अक्षर असतं. पी म्हणजे जाहिरात. एस म्हणजे सेवेचा निरोप. टी म्हणजे व्यवहाराचा, उदाहरणार्थ ओटीपी. जी म्हणजे सरकारी. हेडरच्या सुरुवातीची दोन अक्षरं निरोप कोणत्या कंपनीच्या जाळ्यातून आणि कोणत्या विभागातून निघाला ते सांगतात. ‘व्हीएम’ म्हणजे व्होडाफोनचं मुंबई, ‘एडी’ म्हणजे एअरटेलचं दिल्ली. निरोप न उघडता एवढं कळतं. नंदुरबारच्या मुलीच्या फोनवर दिल्लीची अक्षरं उमटली म्हणजे काही काळंबेरं आहे असं नाही, मेसेज पाठवणारी यंत्रणा तिकडची असू शकते. शेवटचं अक्षर मात्र नीट पाहावं. परीक्षेच्या निरोपामागे एस असायला हवा. नव्या पदविका अभ्यासक्रमाच्या जाहिरातीमागेही एस दिसला, तर कोणीतरी जाहिरात सेवेच्या पिशवीत घालून पाठवली आहे असं समजावं.

ही सरमिसळच सगळ्यात जास्त होते. निकाल लागल्याचा निरोप आणि त्याच्याच शेपटीला ‘आमच्या नव्या कोर्सला आजच प्रवेश घ्या’. पाठवणाऱ्याला एका दगडात दोन पक्षी मारल्याचं समाधान. पण सेवेच्या निरोपाला जाहिरातीची शेपटी लागली की अख्खा निरोप जाहिरात ठरतो आणि जाहिरातीचे सगळे नियम त्याला लागू होतात. एकासाठी गृहीत धरलेली संमती पुरते, दुसऱ्यासाठी स्पष्टपणे मागून घेतलेली लागते. प्रवेश घेतलेल्या विद्यार्थ्याला वेळापत्रक कळवताना दर वेळी परवानगी विचारावी लागत नाही. त्यानं प्रवेश घेतला यातच ती आली. त्याच विद्यार्थ्याला काही विकायचं असेल तर मात्र आधी विचारायला हवं.

फोनवर नको ते मेसेज येऊ नयेत म्हणून जी डीएनडी नोंदणी १९०९ या क्रमांकावर करता येते, तिच्यात विषयवार निवड आहे. बँक आणि विमा पहिला, घरं-जमिनी दुसरा, आणि तिसरा विषय शिक्षण. आरोग्य, पर्यटन, खाणंपिणं त्याच्यानंतर. म्हणजे शिक्षणाच्या जाहिरातींचा उपद्रव एवढा आहे की नियामकानं त्यांना स्वतंत्र रकाना दिला. बारावीचा निकाल आणि सीईटीचे पर्सेंटाइल जाहीर होण्याच्या दिवसांत ज्यांच्या घरात त्या वयाचं मूल असतं, त्यांना हे वेगळं सांगायला नको. कॅप राउंडचा ऑप्शन फॉर्म भरायच्या गडबडीत दिवसभर फोन वाजतो आणि पलीकडचा माणूस मुलाचं नाव घेऊन बोलतो. ‘तुम्हाला नंबर कुठून मिळाला?’ या प्रश्नाला सरळ उत्तर मिळत नाही. कुठल्या तरी मोफत सराव परीक्षेचा, शिष्यवृत्तीचा किंवा करिअर मार्गदर्शन शिबिराचा फॉर्म आठवतो, त्यावर आईबापांनीच हौसेनं नंबर लिहिलेला असतो. एका कामासाठी घेतलेला कागद दुसऱ्याच्या टेबलावर जातो आणि तिथून तिसऱ्याच्या.

यावर ट्रायनं उत्तर काढलं ते संमतीच नोंदवहीत आणण्याचं. जून २०२३ मधल्या आदेशानुसार संस्थेनं ग्राहकाला १२७ नं सुरू होणाऱ्या क्रमांकावरून विचारायचं, ग्राहकानं हो किंवा नाही कळवायचं, आणि ते उत्तर त्या सामाईक वहीत नोंदलं जायचं. मग कुठल्याशा गोदामात पडलेल्या कागदावर सही आहे, असं कोणालाही म्हणता येणार नाही. सही असेल तर वहीत दिसेल. पुढे बँकांना बरोबर घेऊन या पद्धतीचा पथदर्शी प्रयोग सुरू झाला. शिक्षणसंस्थांपर्यंत ही पद्धत पूर्णपणे पोचेल तेव्हा फायदा मोठा होईल, पण थांबून राहायचं कारण नाही. फॉर्मवर वेगळी चौकट आखायला नोंदवहीची परवानगी लागत नाही.

२०२५ च्या दुरुस्तीतल्या आणखी काही गोष्टी विद्यापीठांच्या रोजच्या कामाशी जुळतात. चालू व्यवहार पुरा करण्यासाठी दिलेली संमती फक्त सात दिवस टिकते. आणि एखाद्यानं ‘आता पुरे’ म्हणून नकार कळवला, तर पुढचे नव्वद दिवस त्याच्याकडे पुन्हा संमती मागायची नाही. त्याला स्वतःहून परत यायचं असेल तर दार उघडं आहे. जाहिरातीच्या प्रत्येक मेसेजमध्ये नकाराची सोय द्यावीच लागते. तक्रार करायला आता तीनऐवजी सात दिवस मिळतात. साध्या दहा आकडी नंबरवरून असे उद्योग करणाऱ्याविरुद्ध दहा दिवसांत पाच तक्रारी आल्या तरी कारवाई सुरू होते. पूर्वी त्यासाठी सात दिवसांत दहा तक्रारी लागत. पहिल्या वेळी पंधरा दिवस त्याची बाहेर जाणारी सेवा बंद, पुन्हा केलं तर सगळ्या कंपन्यांत मिळून वर्षभर सगळी जोडणी बंद. एखाद्या उत्साही महाविद्यालयानं प्रवेशाच्या हंगामात चार कर्मचाऱ्यांच्या हातात चार सिम देऊन मेसेज सोडायला लावले, तर त्याची ही किंमत आहे.

लिंकचं प्रकरण त्याहून नाजूक. ऑक्टोबर २०२४ पासून आधी नोंदवून मंजूर न केलेली लिंक असलेला मेसेज पुढे जात नाही. फसवणूक करणाऱ्यांनी ‘शिष्यवृत्ती मंजूर, येथे क्लिक करा’ या एका वाक्यावर किती घरं नागवली असतील कोण जाणे. डिसेंबर २०२४ पासून मेसेज विद्यापीठाकडून निघून मधल्या कोणकोणत्या एजन्सींच्या हातून गेला, ती साखळीही आधी जाहीर करावी लागते. अनेक संस्था मेसेजचं काम बाहेरच्या कंपनीला देतात आणि विद्यार्थ्यांच्या नंबरांची एक्सेल फाइल ईमेलनं पाठवून मोकळ्या होतात. ती फाइल पुढे कोणी उघडली, कोणी उतरवून घेतली, हे विचारण्याची सवय लागायला हवी.

अमेरिकेत शिकायला जाणारी मराठी मुलं या गोष्टीचा वेगळा चेहरा पाहतात. तिथल्या विद्यापीठाच्या ऑनलाइन अर्जात नंबराखाली एक छोटी चौकट असते, रिकामी. आम्ही तुम्हाला मेसेज पाठवू शकतो का, मेसेजचा खर्च लागू शकतो, थांबवायचं असल्यास ‘स्टॉप’ असं उत्तर द्या. चौकटीवर खूण केली नाही म्हणून अर्ज अडत नाही. ही शालीनता आपोआप आलेली नाही. तिच्यामागे २० डिसेंबर १९९१ रोजी थोरल्या जॉर्ज बुश यांनी सही केलेला टेलिफोन ग्राहक संरक्षण कायदा आहे. गंमत म्हणजे कायदा झाला तेव्हा जगात एकही एसएमएस गेलेला नव्हता. पहिला गेला ३ डिसेंबर १९९२ रोजी, इंग्लंडात. २००३ मध्ये अमेरिकेच्या संघीय दूरसंचार आयोगानं, म्हणजे एफसीसीनं, फोनचे नियम मेसेजलाही लागू असल्याचं स्पष्ट केलं.

या कायद्याचा धाक आहे तो त्याच्या आकड्यात. नियम मोडून पाठवलेल्या प्रत्येक मेसेजमागे ५०० डॉलर, आणि जाणूनबुजून पाठवला असेल तर १५०० पर्यंत. ते सरकारी तिजोरीत जात नाहीत, ज्याला मेसेज आला त्याला मिळतात. दहा हजार मुलांना नियमाबाहेरचा एक मेसेज, म्हणजे पन्नास लाख डॉलरचा दावा. १ एप्रिल २०२१ रोजी तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं फेसबुकविरुद्धच्या एका खटल्यात, आपोआप डायल करणारं यंत्र कशाला म्हणायचं याची व्याख्या अरुंद केली आणि संस्थांना थोडा श्वास मिळाला. पण एप्रिल २०२५ पासून लागू झालेल्या नियमानं नकाराची वाट रुंद केली. ‘स्टॉप’ हाच शब्द हवा असं नाही, समजेल अशा कोणत्याही वाजवी रीतीनं नकार कळवला तरी दहा कामकाजी दिवसांत तो पाळावा लागतो.

आणि तरीही त्या देशानं एका बाबतीत परवानगीची अट मुद्दाम बाजूला ठेवली आहे. ते का गरजेचं आहे, हे एका सकाळनं दाखवलं. १६ एप्रिल २००७, व्हर्जिनिया टेक विद्यापीठ. सव्वासातच्या सुमारास एका वसतिगृहात दोघांवर गोळ्या झाडल्या गेल्या. विद्यार्थ्यांना पहिला ईमेल गेला ९ वाजून २६ मिनिटांनी. त्यानंतर काही मिनिटांतच हल्लेखोर नॉरिस हॉलमध्ये शिरला. त्या दिवशी बत्तीस जणांचा बळी गेला. त्यांत मुंबईहून वास्तुशास्त्राच्या पुढच्या शिक्षणासाठी गेलेली एक विद्यार्थिनीही होती. पहिल्या गोळीपासून पहिल्या निरोपापर्यंतचे ते दोन तास पुढे वर्षानुवर्षं तपासले गेले. २००८ मध्ये विद्यापीठांच्या आवारातल्या सुरक्षिततेचा कायदा दुरुस्त झाला आणि आवारात जिवाला धोका असल्याची खात्री झाली की विद्यापीठानं तात्काळ सूचना द्यायची, असं बंधन आलं. त्यानंतर मेसेजच्या इशारा यंत्रणा ठिकठिकाणी उभ्या राहिल्या.

ऑगस्ट २०१६ मध्ये एफसीसीनं शाळांच्या संदर्भात रेघ आणखी स्पष्ट ओढली. वादळामुळे सुट्टी, आग, साथीचा धोका, जिवे मारण्याची धमकी, इतकंच काय, मूल न सांगता गैरहजर असल्याची पालकांना सूचना, हे सगळं आणीबाणीत मोडतं आणि त्याला संमती लागत नाही. शाळेच्या कामाशी जवळून जोडलेल्या इतर निरोपांना, पालकानं नंबर दिला एवढी संमती पुरते. त्यापलीकडच्या गोष्टींना वेगळी विचारणा हवी. मूल शाळेत पोचलं नाही हा निरोप आणि स्नेहसंमेलनाच्या प्रायोजकाची जाहिरात यांच्यातलं अंतर कुठल्याही आईला समजतं. नियमातही ते उमटलं आहे.

आपल्याकडे जिवावरच्या संकटासाठी आणखी चांगलं हत्यार आलं आहे. २०२३ मध्ये महाराष्ट्रातले फोन अचानक भोंग्यासारखे ओरडले आणि पडद्यावर आपत्तीच्या इशाऱ्याची चाचणी उमटली, ते आठवत असेल. तो एसएमएस नव्हता. सेल ब्रॉडकास्टमध्ये टॉवरच्या टापूतले सगळे फोन एकदम वाजतात आणि कोणाचाही नंबर माहीत असावा लागत नाही. नंबरच लागत नाही, त्यामुळे तो कोणी कशासाठी दिला होता हा प्रश्नही उरत नाही.

नंबराची आणखी एक खोड आहे, ती कार्यालयांच्या यादीत क्वचितच धरली जाते. नंबर माणसासोबत मरत नाही. रिचार्ज बंद पडलं, सिम बंद झालं की किमान नव्वद दिवस तो नंबर पडून राहतो आणि मग दुसऱ्याला दिला जातो. नाशिकच्या मुक्त विद्यापीठाचा विद्यार्थी डोळ्यांसमोर आणा. ऊसतोडीच्या हंगामात गाव सुटतं, स्वस्त योजनेसाठी सिम बदलतं, विद्यापीठात नोंदलेला नंबर मात्र प्रवेशाच्या वेळचाच. परीक्षा केंद्र बदलल्याचा निरोप आता कोणा अनोळखी माणसाला जातो. त्यानं संमती कधी दिलीच नव्हती, आणि ज्यानं दिली होती त्याच्यापर्यंत निरोप पोचत नाही. बंद झालेल्या नंबरांची यादी अधिकृतपणे प्रसिद्ध केली जाते. बँका ती पाहतात. विद्यापीठांनी दर सत्राआधी पाहिली, आणि अर्ज भरताना ‘हा नंबर अजून तुमचाच आहे ना?’ एवढं विचारलं, तरी कितीतरी निरोप ठिकाणावर पोचतील.

आतापर्यंतचे नियम एसएमएस आणि फोनचे. पण महाविद्यालयाचा अर्धा कारभार व्हॉट्सॲपवर चालतो आणि तिथे ट्रायचा डीएलटी पोचत नाही. वर्ग सुरू झाला की पहिल्याच दिवशी ग्रुप होतो, साठ-सत्तर नंबर सगळ्यांना उघड दिसतात. मुलींना यातून काय सहन करावं लागतं ते कोणत्याही महाविद्यालयातल्या तक्रार समितीला विचारावं. रात्री अकराला येणारा अनोळखी ‘हाय’ बहुतेक वेळा ग्रुपमधूनच नंबर उचलून आलेला असतो. उपाय फार अवघड नाही. ज्यात फक्त संस्था बोलते आणि सदस्यांना एकमेकांचे नंबर दिसत नाहीत, असे चॅनेल आता त्याच ॲपमध्ये आहेत.

इथे दुसरा कायदा पोचतो. व्यक्तिगत माहितीचं रक्षण करणारा डिजिटल कायदा ११ ऑगस्ट २०२३ रोजी राष्ट्रपतींच्या संमतीनं झाला. खासगीपण हा मूलभूत हक्क असल्याचा निकाल सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी दिला होता, त्यातूनच याची वाट निघाली. या कायद्यात व्यक्तीसाठी ‘तो’ऐवजी ‘ती’ हे सर्वनाम वापरलं आहे. संमती कशी असावी, तर मोकळेपणानं दिलेली, ठरावीक कामापुरती, माहिती घेऊन दिलेली, बिनअटीची आणि निःसंदिग्ध. कायद्यानं स्वतःच उदाहरण दिलं आहे. फोनवरून वैद्यकीय सल्ला देणारं एक ॲप रुग्णाकडून उपचारासाठी संमती घेतं आणि त्यासोबत फोनमधली संपर्कयादी पाहण्याचीही. रुग्ण दोन्हीला हो म्हणते. तरी संमती उपचारापुरतीच धरली जाईल, कारण संपर्कयादी उपचाराला लागत नाही. आता या उदाहरणात ॲपच्या जागी विद्यापीठ आणि संपर्कयादीच्या जागी जाहिरात घालून पाहावी.

दिलेली संमती काढून घेणं हे ती देण्याइतकंच सोपं असलं पाहिजे, असंही कायदा म्हणतो. एका टिचकीनं घेतलेली परवानगी परत घ्यायला विद्यार्थी कल्याण कक्षात अर्ज आणि प्राचार्यांची सही लागत असेल, तर ते चालणार नाही. शासनाच्या संस्थेला अनुदान, लाभ किंवा प्रमाणपत्र देण्यासाठी काही बाबतींत संमतीविना माहिती वापरता येते. शिष्यवृत्तीचा निरोप त्या आधारावर जाऊ शकेल, खासगी कोचिंगचा नाही.

भाषेचा मुद्दा मराठी वाचकांनी विशेष धरून ठेवावा. संमती कशासाठी मागतो ते सांगणारी सूचना इंग्रजीत, किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या बावीस भाषांपैकी कोणत्याही भाषेत वाचण्याचा पर्याय द्यावा लागतो. त्यात मराठी आहे, गोव्याची कोंकणीही आहे. सत्तर खुणांच्या अडचणीमुळे एसएमएस इंग्रजीत गेला तर समजू शकतं. फॉर्मवर मात्र जागेची टंचाई नाही. ज्या मुलीचे आईवडील फक्त मराठी वाचतात, तिच्या घरी संमतीचा कागद मराठीतच गेला पाहिजे. आणि बऱ्याचदा तो आईवडिलांनीच वाचायचा असतो, कारण हा कायदा अठराच्या आतल्या प्रत्येकाला मूल मानतो. अकरावी-बारावीचे वर्ग पदवीच्या महाविद्यालयातच भरतात, पदवीच्या पहिल्या वर्षाला बसलेल्यांतही सतरा वर्षांची मुलं असतात. त्यांच्यासाठी पालकांची पडताळून घेतलेली संमती लागते. शिक्षणसंस्थांना दिलेली सवलत शैक्षणिक कामापुरती आणि मुलांच्या सुरक्षिततेपुरतीच आहे. नियम मोडल्यास दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपयांपर्यंत जाते.

कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. संमती आणि सूचनेची मुख्य कलमं त्यानंतर अठरा महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ मध्ये लागू होतात. विद्यापीठांच्या कॅलेंडरात तो काळ नेमका प्रवेश अर्ज छापायचा. त्या वर्षीच्या अर्जावर मोबाइल क्रमांकाच्या रकान्याखाली तीन ओळी हव्यात. परीक्षा, शुल्क आणि वर्गासंबंधीचे निरोप या नंबरवर येतील. नव्या अभ्यासक्रमांची आणि कार्यक्रमांची माहिती हवी असल्यास पुढच्या चौकटीत खूण करा, न केल्यास प्रवेशावर परिणाम होणार नाही. नंबर बदलल्यास किंवा निरोप नको असल्यास इथे कळवा. आणि तिसऱ्या ओळीपुढे असा एक क्रमांक, ज्याला उत्तर देणारा माणूस कार्यालयात खरोखर बसलेला असेल.